बोटभर रबर

मिस्त्रींनी छातीवरचा पट्टा आवळला, तपासला, पुन्हा आवळला. गॅरेजचा रिवाज त्यांनीच पाडलेला: ज्याने नट आवळले, त्याने पहिल्या धावेला चालकाशेजारी बसायचं. या रिवाजाचा त्यांना कोण अभिमान! आज मात्र स्टिअरिंगवर त्यांची लेक होती.

माळावरच्या शर्यतीसाठी गाडी तिनेच निवडलेली. तीन पाहिल्या आणि सगळ्यात लहान, हलकी तेवढी घेतली. "जड गाडी उडत नाही बाबा, आदळते," हे वर ऐकवलं. मग महिनाभर दोघांनी मिळून स्प्रिंगा उंच केल्या, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला. पिंजऱ्याचा एकेक जोड मिस्त्रींनी तीन-तीनदा वेल्ड केला, तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी काल ती जेवायला गेल्यावर त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरखाली बोटभर जाडीचं रबर चिकटवलं. पेडल पुरतं खाली जायलाच नको. बापाची अक्कल, दुसरं काय!

पहिली फेरी धुरळ्यात निभावली.

"गाडी ओढत नाहीये," लेक ओरडली.

"फिल्टर तुंबला असेल."

"असेल. आता चरावरून उडवते."

मिस्त्रींनी पट्टा घट्ट धरला. चर आणि त्याआधीचा चढ त्यांनी सकाळी पावलांनी मोजला होता. सत्तरचा वेग असला तर गाडी पलीकडे. साठ असला तर नाक थेट समोरच्या काठावर. आणि चढावर ती साठच्या पुढे जाणार नाही, ही सोय त्यांनीच करून ठेवली होती. सांगावं, तर लेक पुन्हा गाडीला हात लावू देणार नाही. वळण संपलं, चर दिसला.

"थांब! थांब गं बाई!"

गाडी घसरत आडवी थांबली. मिस्त्रींनी बोटाने पेडल दाखवलं. लेकीने वाकून चाचपलं आणि रबर ओढून काढलं.

"हे तुम्ही केलंत?"

"भीती वाटली गं. फार."

"आणखी कुठे काय केलंय?"

"काही नाही. तुझी शपथ."

तिने रबर खिडकीबाहेर भिरकावलं. मग म्हणाली, "उतरा. मी एकटी जाते."

मिस्त्री हलले नाहीत. "गाडी आणखी मागे घे. इथून वेग कमी पडेल."

तिने गाडी मागे घेतली. मिस्त्रींची नजर काट्यावर. पन्नास. साठ. चढ लागला. पासष्टला गाडी किंचित अडखळली. त्यांनी खाली पाहिलं. पेडल मोकळं होतं. लेकीचा पाय कचरत होता. आजवर तो कधी कचरला नव्हता.

"दाब!" मिस्त्री ओरडले. "पुरतं दाब, पोरी!" आणि आपल्या बाजूच्या रिकाम्या पत्र्यावर त्यांनी स्वतःचाही पाय जीव खाऊन दाबला.