बारीक आवाजाची बेल

मिस्त्रीचे कान गेलेत हे मंगळवारी सकाळी कळलं. बायको जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. टीव्हीच्या आवाजाला कंटाळून मुलीनेच त्याला धरून तपासणीला नेलं.

काचेच्या खोलीत हेडफोन लावून त्याच्या हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मिस्त्रीने चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केलेल्या. सुरुवातीचे चार आवाज ऐकून त्याने ठेका धरला आणि पुढे आवाज येवो न येवो, वेळ झाली की बटण दाबत राहिला. निकाल विशीतल्या पोराचा आला.

तपासणाऱ्या बाईंनी मग आवाजांमधलं अंतर कमीजास्त केलं. मिस्त्री उघडा पडला.

"काका, कॉपी केलीत."

"कॉपी कसली? ठोक्याला ठोका दिला."

बाईंनी चित्र दाखवलं. कानात गोगलगाईच्या शंखासारखी नळी. तिच्यात पेशी ओळीने बसलेल्या, प्रत्येकीचा आवाज ठरलेला. जाड आवाजाच्या आत खोलवर, बारीक आवाजाच्या दारापाशी.

"दारापाशीच्या गेल्या. आतल्या शाबूत आहेत. त्यांच्या नसा आवाजाच्या लाटेबरोबर ठेका धरतात, तुमच्यासारख्याच."

"म्हणजे मशिनीची घरघर ऐकू येणार. मग झालं तर."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईची बेल?"

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मुलीने बिनतारी बेल आणली होती. बटण आईच्या उशाशी, डबी मिस्त्रीच्या कामाच्या टेबलावर खिळ्याला. बटण दाबलं की डबी बारीक चिवचिवायची. मिस्त्रीने ती कधीच ऐकली नव्हती. त्याला वाटायचं, बिचारी बोलवतच नाही. म्हणून दुरुस्त मशिनीवर दोऱ्याची एक बॉबिन भरून झाली की तो आपणहून आत डोकवायचा.

"आलात? ऐकू आलं म्हणायचं," ती म्हणायची.

"मग, बहिरा आहे का मी?"

दोघंही हसायची.

"शेवटच्या दिवशी?" मुलीने विचारलं.

"त्या दिवशी कारखान्यातली मशीन आली होती. तिची बॉबिन मोठी असते, भरायला वेळ लागतो."

मुलीने बाईंना कानातल्या यंत्राची किंमत विचारली.

आता कानात यंत्र आहे. चमचे, पिशव्या, शेजारीण, सगळं ऐकू येतं; त्यातलं निम्मं नसतं आलं तरी चाललं असतं. डबी खिळ्याला आहे. मुलगी तिचे सेल बदलून गेली. बटण उशाशी आहे. मिस्त्रीने ते अजून दाबून पाहिलेलं नाही.