हिरवी ओकारी

आमच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी धुळाबुवाचा चमत्कार बघायला लोटली होती. बुवानं माझ्या दोन दिवसांच्या नातवाच्या बेंबीशी पितळी नळी टेकवली, जोरात ओढ घेतली आणि केसांचा काळा गुंता थुंकला. बायांनी हात जोडले. मीही जोडले.

पोरगं दूध ठेवत नव्हतं. हिरवंगार ओकत होतं, पोट नगाऱ्यासारखं, जन्मल्यापासून शी नाही. इस्लामपूरच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, शी झाल्याबिगर नेऊ नका. पण पाचवी घरात पुजायची म्हणून मीच भांडून बाळंतिणीला घरी आणली.

"गिराणात सुनेनं विळी धरली," बुवा शब्द तोंडात घोळवत बोलला. "आतडं चिरलंया. आजून चार डाग लागतील."

एक डाग देऊन झाला होता. पोरगं टाहो फोडून आता नुसतं कण्हत होतं. विळ्याचं टोक परत निखाऱ्यात लाल झालं.

"आत्याबाई, मी धरली न्हाई वो," सून शिवांजली रडत म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. ग्रहणभर तिला खाटेवर निजवून मी उशाशी बसले होते, सुईसुद्धा धरू दिली नव्हती. हा मेला माझ्या ग्रहण पाळण्यात खोट काढतो? तेव्हा कुठं मी त्याच्याकडं नीट बघितलं. डावा गाल फुगलेला.

"बुवा, तोंड उघड."

त्यानं ओठ मिटले. मी जबडा धरून बोटं घातली. तो कडकडून चावला, रक्त आलं. दुसऱ्या हातानं फुंकणी उचलून त्याच्या मनगटावर हाणली, हाड वाजलं, विळा पडला. गालातून केसांचा दुसरा गुंता निघाला, थुंकीनं भिजलेला. मग गडी तुटून पडले, बुवाचं नाक फुटलं, दोन दात अंगणात सांडले.

"त्येला पोलिसाकडं द्या," मी म्हणाले. "आदी गाडी काढा."

सांगलीत ऑपरेशन करणाऱ्या संयोगिताबाईंनी समजावलं. बाळ गर्भात असतानाच आतड्याच्या एका तुकड्याला रक्त मिळेनासं झालं, तो सुकून बंद पडला. दूध पुढं जाईना, पित्त उलटून हिरवं बाहेर येई. तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागतील.

मी विचारलं, "मग गिराण?"

"तुम्ही पाळलंत ना, आजी?"

"कडक."

"मग?"

मी ऑपरेशनचा कागद शिवांजलीपुढं सरकवला, म्हणाले, "कर सही."

नातू जगला. पोटावर टाक्यांची रेघ आहे, शेजारी डाग. रेघ बाईंची. डाग माझा, कारण बुवाला निरोप मी धाडला होता. म्हणून सांगते, तान्हं हिरवं ओकलं तर ना बुवा बघा, ना पाचवी. दवाखाना गाठा. पटत नसेल त्यानं आमच्या घरी यावं. पोराचा सदरा वर करून दाखवीन.