मोगऱ्याचा उतारा

मोनालीचं दूध उतरलं ते दवाखान्यातून घरी आल्यावर, आणि उतरलं ते असं की दोन्ही छात्या दगड झाल्या. कातडी ताणून चकाकायला लागली, निळ्या शिरा वर आल्या, उजव्या बाजूला काखेकडे सुपारीएवढ्या गाठी हाताला लागत होत्या. ताणामुळे बोंड सपाट झालं. पोर तोंड लावायची, घसरायची, पुन्हा लावायची आणि लाल होऊन रडायची. दूध आत तुंबलेलं आणि पोर बाहेर उपाशी.

मैनाआजी पलंगाच्या पायथ्याशी बसून हे बघत होती. मोनाली तिच्या मुलाची, नीलेशची लेक. मोनालीची आई दिपा बाळंतपणातच गेली. मग गव्हाणच्या घरात, शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून आजीनेच तिला वाढवलं. ते घर आणि ती शेळी आता आठवणीतच. नीलेशने पनवेलला दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि तो स्वतः ट्रेलर घेऊन गावोगाव फिरतो. मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे आजीकडेच आली.

दिवस राहिल्यापासून मोनालीने एकच धोशा लावला होता. "मला आईचं दूध नाही मिळालं, आजी. माझ्या बाळाला मी अंगावरच पाजणार. काही झालं तरी."

पोर झाली ती वजनाने कमी. डॉक्टरीणबाईंनीही निक्षून सांगितलं होतं की हिला आईचंच दूध हवं. छाती भरून आली तर आधी ओल्या गरम फडक्याने थोडं शेकायचं, हाताने जरा दूध काढून बोंडामागचा भाग मऊ करायचा, मग पोरीला लावायचं, पाजून झालं की थंड फडकं ठेवायचं. आणि कशासाठीही पाजणं थांबवायचं नाही. मोनालीने ते सगळं केलं. पण बोट टेकलं तरी तिचा जीव जात होता. दूध थेंब थेंब यायचं, ती दातओठ खायची, पोर रडून निजून जायची. मग ताप आला. खारघरहून प्रणित, तिचा नवरा, येऊन पावडरचा डबा ठेवून गेला. कशाला हाल करून घेतेस, असं त्याचं म्हणणं. मोनालीने तो डबा फ्रीजच्या मागे सरकवला.

मैनाआजीला जुने दिवस आठवत होते. गव्हाणला बाळंतिणीची छाती अशी तटतटली की कुणी डॉक्टर शोधत नसे. शेजारचं एखादं दांडगं पोर आणून लावायचं. त्या पोराच्या तोंडाला जोर असायचा, गाठ मोकळी व्हायची आणि वर दोन घरांचं नातं जडायचं. आळीतली निम्मी पोरं एकमेकांच्या आयांचं दूध प्यालेली होती. पुढे ती पोरं बांधावरून भांडायची तेव्हाही हे कुणी विसरत नसे.

आजी उठली आणि समोरच्या दारी गेली. समृद्धीचा सुरज नुकता चालायला लागला होता.

"तुझा सुरज वाईच आमच्या मोनालीला लाव. आमची पोर बारकी हाय, तिला वडाय जमत नाय."

समृद्धी आधी हसली. आजी हसत नाही हे बघून ती गोंधळली. "अहो आजी, तो आता डोसा खातो," म्हणाली आणि घाईने मोनालीच्या तब्येतीची चौकशी करू लागली.

"सगळ्या बिल्डिंगमध्ये माझी जाहिरात करून आलीस का?" मोनालीने विचारलं. तिला हसू आलं, आणि हसण्यानेही छातीत कळ आली, तशी ती रडायला लागली.

तेव्हा आजीला मोगरा आठवला.

तिची सासू, चिंधीबाय, मिठागरात राबून राबून मिठासारखीच कडक झालेली बाई. तिने सुनेला कधी मायेने हाक मारली नाही. पण एकदा, एकदाच, मैनाची छाती अशीच दगड झाली होती तेव्हा तिने दारातल्या मोगऱ्याच्या कळ्या खुडून आणल्या, ओवल्या आणि स्वतःच्या हाताने मैनाच्या छातीवर बांधल्या. वर डोक्यावरून हात फिरवला. तो थंडावा आणि तो वास मैनाआजीने उभा जन्म जपून ठेवला होता. पुढे सासूने कितीही छळलं तरी त्या एका हातासाठी तिने तिला माफ केलं होतं.

वैशाखाचे दिवस होते, बाजारात मोगरा भरपूर. आजीने फुलवालीकडून कळ्या आणल्या, दोन सर ओवले आणि जुन्या नऊवारीच्या मऊ फडक्याने नातीच्या छातीवर बांधले.

"याने काय होईल?"

"दगडाचं लोनी व्हईल. मला बांदलेला माझ्या सासूनं. दुखनं उतरू दे, मंग पोरीला लाव."

दुखणं उतरलं. संध्याकाळपर्यंत मोनालीच्या कपाळावरची आठी गेली. कित्येक दिवसांनी ती गाढ झोपली. फ्रीजमागचा डबा आजीनेच बाहेर काढला. एवढ्यापुरतंच, म्हणाली. रोज ताज्या कळ्या, रोज पोरीला बाटली. पाजणं थांबवू नका, हे डॉक्टरीणबाईंचं सांगणं त्या सुखात दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. ताप उतरला, गाठी विरल्या, कातडी सैल पडली. खोलीभर वास दरवळत होता. समृद्धीही चौकशीला आली तेव्हा म्हणाली, बाळंतिणीची खोली वाटतच नाही, लग्नघर वाटतं.

"तू जादूगार आहेस, आजी," म्हणत मोनालीने एका सकाळी फडकं सोडलं आणि पोरीला जवळ घेतलं.

या वेळी पोरीने बरोबर धरलं. गाल आत जाऊ लागले. मोनाली डोळे मिटून हसत होती. मग पोर थांबली, पुन्हा ओढू लागली, पुन्हा थांबली आणि तोंड बाजूला करून रडली. मोनालीने दुसऱ्या बाजूला घेतलं. मग हाताने दाबून बघितलं. एक थेंब आला. त्यानंतर काही नाही.

"येईल थोड्या वेळाने," ती म्हणाली.

मैनाआजी कोमेजलेल्या कळ्या ओंजळीत घेऊन स्वयंपाकघरात गेली. टाकायला म्हणून वाकली आणि तिथेच थांबली. चिंधीबाय या फुलांचं काय करायची? पदरात बांधून खाडीच्या बांधापलीकडे नेऊन टाकायची. बांधापलीकडे, जिथे मैनाच्या तान्ह्या पोरीला मातीआड केलं होतं तिथे. मैनाआजीने ती जुनी खोली पुन्हा डोळ्यांपुढे आणली. वास होता, थंडावा होता, डोक्यावरचा हात होता. रडणारं पोर त्या खोलीत नव्हतं. ते आदल्या दिवशीच गेलं होतं. नको झालेलं दूध आटावं म्हणून सासूने कळ्या बांधल्या होत्या. मैनाआजीने एवढ्या वर्षांत मायेचं तेवढं वेचून ठेवलं होतं आणि बाकीचं गाळून टाकलं होतं.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मोगरा पुष्कळ घरांत दूध घालवायलाच बांधतात, त्यात इतके दिवस पोर अंगाला नाही, एवढंच म्हणाल्या. लावत राहा, कधी कधी परत येतं. पण त्या आशेवर पोरीला उपाशी ठेवू नका.

"आजीला दूध परत आलं होतं की नंतर," मोनाली म्हणाली. आजी पोरीचं दुपटं नीट करत राहिली.

त्यानंतर मोनालीने दिवसभर तोच उद्योग मांडला. शेक, लाव, दाब, बघ. अळीव, पेज, कुणी सांगेल ते. आशा रोज थोडी थोडी आटत होती. पोर आता छाती दिसली की मान फिरवायला शिकली होती.

एका दुपारी मोनालीने विचारलं, "तुझं परत यायला किती दिवस लागले होते, आजी? तेव्हा बाबा होता ना अंगावर?"

"तुझा बाबा नाय," आजी म्हणाली. "त्याच्या आदीची."

"आधीची कोण?"

"पोर व्हती. ऱ्हायली नाय. ती गेल्यावर मला बांदलेला मोगरा." आजीने पदराने तोंड पुसलं. "मी इसारले व्हते, मोना. दगड उतरला तेवढाच मला याद ऱ्हायला. दूध आला तो पुढं, तुझ्या बापाच्या टायमाला."

पंखा फिरत होता. आजी बोलणी खायची वाट बघत होती. निदान तेवढं तरी मिळावं असं तिला वाटत होतं.

"नाव काय होतं तिचं?" मोनालीने विचारलं.

"नाव ठेवायच्या आदीच गेली."

मोनालीने मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. तिला पुन्हा एकदा छातीशी घेतलं. पोरीने मान फिरवली. मग मोनालीने झंपरची बटणं हळूहळू लावली आणि न बघता हात पुढे केला.

"दे."

आजीने बाटली दिली. पोर घटाघट पिऊ लागली. तो आवाज मैनाआजीच्या ओळखीचा होता. असंच एक पोर तिने बोळ्याने वाढवलं होतं, आणि ते पोर आता तिच्याकडे बघत नव्हतं.