शंभर टक्के नैसर्गिक

रविवारी सकाळी सासूच्या पाठीवर पाणी ओतता ओतता संजनाचा तांब्या हातातच थांबला.

दोन्ही खांद्यांवर, पाठभर आणि खाली दंडांपर्यंत पुटकुळ्या उठल्या होत्या. लालसर, मोहरीएवढ्या, आणि सगळ्या एका मापाच्या. मागच्या रविवारी चार-दोन होत्या, तेव्हा घामोळं असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. आता सोडून देण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"आई, हे काय उठलंय पाठीवर?"

"उष्णता असंल," सुमनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "तू पानी टाक बाई, डोळ्यात चाललंय. लय झोंबतंय."

सुमनबाईंच्या हिशेबाने जगातले निम्मे आजार उष्णतेने होतात आणि उरलेले मोबाइलने, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. संजनाने पाणी टाकलं. पण केसांतून निघून त्या पुटकुळ्यांवरून ओघळणारा तो तपकिरी फेस तिने पाहिला. तो फेस तिच्याच चूर्णाचा होता.

हे चूर्ण म्हणजे संजनाचा जीव की प्राण. शिकेकाई, रिठा, आवळा, नागरमोथा आणि वाळवलेली जास्वंद. लॉकडाऊनमध्ये दुकानातली नोकरी गेली, तेव्हा जेलरोडच्या या दोन खोल्यांत तिने ते पहिल्यांदा कुटलं. नाव ठेवलं 'सुमन केशचूर्ण', कारण सासूचे केस सहासष्टाव्या वर्षीही कमरेपर्यंत होते आणि निम्म्याहून जास्त काळे होते. पाकिटावर फोटोही त्यांचाच, पाठमोरा, केस मोकळे सोडलेला. त्याखाली लाल अक्षरांत ओळ होती: 'शंभर टक्के नैसर्गिक. कोणताही साइड इफेक्ट नाही.'

सुमनबाई प्रौढांच्या वर्गात जाऊन उशिरा वाचायला शिकल्या होत्या. पाकिटाला लेबल चिकटवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि प्रत्येक लेबल चिकटवताना ती ओळ त्या बोट फिरवून मोठ्याने वाचत. पन्नास पाकिटं असली तर पन्नास वेळा. संघर्ष, म्हणजे संजनाचा नवरा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावरून रात्रपाळी करून आलेला असे, तो कानावर उशी घेऊन झोपे.

आणि पुढच्या रविवारी बचत गटांचं प्रदर्शन होतं. संजनाला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. दोनशे पाकिटं न्यायची होती. अशा वेळी ज्या बाईचे केस पाकिटावर छापलेत तिचीच पाठ फुटावी, म्हणजे घोडामैदान जवळ आल्यावर घोडाच लंगडा निघावा तसं झालं.

सुमनबाईंचा उजवा खांदा धरलेला होता. हात डोक्यावर जात नसे, म्हणून संजना दर रविवारी त्यांना न्हाऊ घालत असे. नाहीतर ही पाठ कुणी पाहिली असती? देवाने नाहीतर डॉक्टरने, आणि सुमनबाई दोघांकडेही जात नसत.

त्या दिवसापासून संजनाच्या पायाला भिंगरी लागली. तिने रिठ्याचा डबा उलथा करून एकेक रिठा हुंगला. नवीन व्यापाऱ्याकडून घेतलेली शिकेकाई पुन्हा निवडली. चूर्ण कालवून स्वतःच्या दंडावर लावलं, मानेवर लावलं, आणि तासातासाला आरशासमोर मान वाकडी करून पाहत राहिली. काहीच उठलं नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना. दोन गिऱ्हाइकांना तिने फोन केला, "सहज केला हं, केस कसे आहेत?" असं विचारलं. एक म्हणाली, छान आहेत. दुसरी म्हणाली, छान आहेत, पण तुम्ही का विचारताय? खाई त्याला खवखवे. संजनाने घाईघाईने फोन ठेवला.

"अगं, डॉक्टरला दाखव ना सरळ," संघर्ष जेवताना म्हणाला. "पोळी तव्यावर टाकून तू गॅलरीत काय जातेस? जळाली बघ."

"दाखवते हो. बघू, एक-दोन दिवसांत बसेल."

खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाला, हे चूर्णानेच झालंय, तर? ज्या डॉक्टरकडे सासूला सोमवारी न्यायला हवं होतं, तिथे संजनाने त्यांना बुधवारी नेलं, ते या भीतीपायी. पुढे ते दोन दिवस तिला फार लागले.

सुमनबाई मात्र मजेत होत्या. गॅलरीत फतकल मारून त्या लोखंडी खलबत्त्यात दणादण रिठे फोडत होत्या. वर्षापूर्वी याच बाईला खाली बसता येत नव्हतं, बसलं तर उठता येत नव्हतं. आणि या वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्या डोंगरावरच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या एकदाही न थांबता चढल्या. वस्तीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. गालही चांगले भरले होते, चेहरा गोल झाला होता. "सून खाऊ घालती," सुमनबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि संजना लाजायची.

बुधवारी त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे जाताना संजनाने चूर्णाचं एक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. कुणाला सापडू नये अशी वस्तू असावी तसं ते तिने आत दाबलं होतं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भिंग लावून पाठ पाहिली, मग छाती, पोट, दंड. तिथेही तशाच पुटकुळ्या होत्या. मनगटाजवळचे निळे डाग पाहून विचारलं, "कुठे आपटलात का?"

"नाय. आपोआप उठत्यात."

"चेहरा पहिल्यापासून असा गोल आहे?"

"सून खाऊ घालती."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. संजनाने धीर करून पाकीट पुढे केलं. बाईंनी ते उघडून हुंगलं, मागे लिहिलेलं वाचलं. "हे डोक्याला लावता ना? मग छातीवर आणि पोटावर कशाला उठेल? यानं नाही झालेलं." मग त्या सुमनबाईंकडे वळल्या. "आजी, वयात येताना मुलींना मुरमं येतात, ती लहान-मोठी असतात, काही पिकलेली, काही काळ्या तोंडाची. तुमची सगळी एका दमात, एका मापाची उठलीत. हे बाहेरून नाही, आतून आलंय. अंगदुखीसाठी, गुडघ्यांसाठी काही औषध घेता का?"

"गोळी म्हनून घेत नाय मी," सुमनबाई छताकडे बघत म्हणाल्या. "औषीध काय नाय."

बाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. "कधी कधी दुखण्याच्या औषधात स्टिरॉइड असतं, माणसाला माहीतही नसतं. घरात काही सापडलं तर एक लक्षात ठेवा..." त्या पुढे बोलत होत्या. संजना मान डोलावत होती, पण तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. यानं नाही झालेलं. चार दिवसांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि त्या सुखात तिने डॉक्टरबाईंचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ऐकलंच नाही.

घरी येताच तिने पदर खोचला. दोनशे पाकिटं, चार दिवस. रिठ्याचा दुसरा डबा उघडून हात घातला, तर तळाशी रबरबँड लावलेला पुड्यांचा गठ्ठा हाताला लागला. हिरव्या पानाचं चित्र असलेल्या कागदी पुड्या, आत करड्या रंगाची भुकटी.

"आई, हे काय?"

सुमनबाईंनी खलबत्ता थांबवला. "ते व्हय? शेजारच्या पिंकीची आत्या बाजारातनं आनती. गुडघ्याला लय गुन हाय त्याचा. झाडपाला हाय नुस्ता."

"कधीपासून घेताय?"

"होळीपासनं. सकाळ-संध्याकाळ एक. आता तुझं दोनशेचं काम आलं, मंग दुपारची पन एक वाढवली. त्याबिगर इतका येळ बसवत नाय."

संजनाचं डोकंच फिरलं. चार दिवस ती स्वतःला गुन्हेगार समजून घरभर फिरत होती आणि ही बाई डॉक्टरसमोर छताकडे बघत बसली! "खोटं बोललात तुम्ही! डॉक्टरांनी स्वच्छ विचारलं होतं!" ती मोरीकडे धावली आणि एकेक पुडी फाडून नळाखाली रिकामी केली. सुमनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "एकही घ्यायची नाही आजपासून!"

सुमनबाईंनी मान हलवली. त्यांनी ते पाळलं, अगदी शब्दाला शब्द.

गुरुवारी त्या उठल्या नाहीत. गुडघे धरले, म्हणाल्या. संजनाला वाटलं, रुसल्या असतील. तिनेही तोंड फिरवून चूर्ण चाळलं, पण चाळताना सारखी आत जाऊन बघून येत होती. संध्याकाळी त्यांना उलटी झाली. शुक्रवारी सकाळी चहा घेऊन संजना गेली तर सुमनबाई मोरीच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. अंग गार, घामाने ओलं. डोळे अर्धे उघडे.

संजनाने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"पुड्या सापडल्या होत्या?" बाईंचा आवाज चढला. "आणि एकदम बंद केल्या? मी सांगितलं होतं ना, सापडल्या तरी बंद करू नका, आधी मला फोन करा! लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे सांगा, स्टिरॉइड एकाएकी सुटलंय. आत्ता, लगेच!"

रिक्षात सुमनबाईंचं डोकं मांडीवर घेऊन संजना बसली होती. मोकळे केस तिच्या गुडघ्यांवरून खाली लोंबत होते. आपण हिला मारलं, एवढंच तिच्या मनात येत होतं. चूर्णाने नाही मारलं, माझ्या तोंडाने मारलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकं होती, पण संजना एकावरही बसली नाही. पाण्याच्या कूलरपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून कूलरपर्यंत ती चालत राहिली. एकलहऱ्याहून संघर्ष तसाच कामाच्या कपड्यांत आला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की शरीर स्वतः जे स्टिरॉइड बनवतं ते या पुड्यांमुळे बनवायचं थांबलं होतं, आणि बाहेरून येणारंही अचानक तुटलं. आता इंजेक्शन दिलंय, पुढे गोळ्या हळूहळू कमी करत जायचं, महिनोन्महिने. साखरही वाढलेली निघाली. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. संघर्ष चिठ्ठी घेऊन औषधं आणायला गेला. तो तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारनंतर सुमनबाईंनी डोळे उघडले. सलाइनचा हात उशीवर होता.

"आई," संजनाने स्टूल ओढलं. "चुकलं माझं. मी फेकायला नको होतं. पण तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय? डाक्टरीन बाईनी इचारलं, औषीध घेता का. ते औषीध नव्हतंच." सुमनबाई थांबत थांबत बोलत होत्या. "पुडीवर लिवलं व्हतं. मी वाचलं ना सवता. शंभर टक्के नैसर्गिक, कोनताही साइड इफेक्ट नाय. तू लिवती तेच, अक्षर न् अक्षर. मी म्हनलं, माझी संजना लिवती ते खोटं कसं असंल?"

संजनाला हुंदका आवरला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघू लागली.

ती ओळ संजनाने कुठून आणली होती? पहिल्या पाकिटाच्या वेळी काय लिहावं सुचेना, म्हणून किराणा दुकानातल्या कुठल्याशा तेलाच्या बाटलीवरून उतरवली होती. त्या तेलवाल्याने कुठून उतरवली, देव जाणे. खरी आहे का, हा प्रश्नच तिला चार वर्षांत पडला नव्हता. आणि ही म्हातारी दिवसाला पन्नास वेळा त्यावर बोट फिरवत होती.

शनिवारी सकाळी ती हॉस्पिटलमध्ये आली तेव्हा तिच्या पिशवीत डबा होता आणि दोनशे लेबलांचा गठ्ठा. सुमनबाई उशीला टेकून पेज पीत होत्या. संजना स्टुलावर बसली, लेबलं मांडीवर घेतली, आणि काळ्या जाड पेनाने एकेका लेबलावरची लाल ओळ खोडू लागली.

"आगं, छापलेलं कशाला खोडती? उद्या परदर्शन ना?"

"ती ओळ माझी नव्हती, आई. दुसऱ्याच्या बाटलीवरची उतरवलेली. मला काय माहीत, कुणाला काय होईल ते."

सुमनबाईंनी वाटी खाली ठेवली. संजना मान खाली घालून खोडतच होती, आणि प्रत्येक रेघ तिच्या मनाला लागत होती.

"मंग आता तिथं काय लिवनार?"

"आत काय काय घातलंय, ते. किती वेळ ठेवायचं, ते. आणि काही उठलं तर लगेच थांबवून डॉक्टरला दाखवा, हे. चूर्ण वरून लावलेलं असतं, पुड्यांसारखं पोटात जात नाही, ते थांबवलं तर चालतं. आणि..." ती अडखळली.

"आनि डोळ्यात गेलं का झोंबतं," सुमनबाई म्हणाल्या. "दर रइवारी मी बोंबलती, पन तू काय ते लिवलं नाय."

त्यांनी सलाइन नसलेला हात पुढे केला. तो धरलेल्या खांद्याचाच हात होता, अर्ध्यावर आला आणि थांबला. संजनाने पेन त्यांच्या बोटांत दिलं, लेबल डब्याच्या झाकणावर ठेवून त्यांच्या हातापाशी नेलं. सुमनबाईंनी जीभ दातांत धरली आणि स्वतःच्या पाठमोऱ्या फोटोखाली, वेडंवाकडं पण एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं: डोळ्यात गेल्यास लय झोंबते.

"बरूबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे," संजना म्हणाली, आणि दुसरं लेबल पुढे सरकवलं.