पोटातली घरघर

आमच्या गॅरेजमागच्या खोलीत एकवीस माणसं, एक वेताची छडी, एक घमेलं आणि त्यात अर्धा लिटर रक्त. रक्त माझ्या धाकट्या बहिणीचं, नुकतंच ओकलेलं. ती सतरंजीवर पडली होती. पोट टरारलेलं, पाठीवर सहा वळ.

"ऐका!" भूत उतरवायला बोलावलेले महाराज गरजले. "रक्त पिऊन भूत घोरतंय!"

माणसं तिच्या पोटाला कान लावत आणि दचकून मागे सरत. आवाज खरंच येत होता. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तर इंजिन तपासायची सळई पोटावर टेकवून, दुसरं टोक कानाला लावून खात्री केली होती. आवाजावरून बिघाड ओळखणारा मेकॅनिकच "आत कुणीतरी आहे" म्हणाला, मग वाद कोण घालणार?

महाराजांनी तिच्या पोटात पंजा रुतवला. घरघर थांबली. "बघा, टरकलं!" पंजा उचलताच पुन्हा सुरू. "निर्लज्ज आहे. पाय धरा हिचे!"

अप्पांनी स्वतः पाय धरले. छडी बसली.

"ताई गं!"

पुढची छडी मी हातावर झेलली. तळवा फाटला.

"सरक पोरी, तुला धरील ते."

"धरू दे. पस्तावेल."

मी बहिणीची नाडी धरली आणि दर ठोक्याला फरशीवर टिचकी मारू लागले. "अप्पा, सळई लावा. घरघर कधी चढते?"

अप्पांनी सळई टेकवून कान लावला. "तुझ्या टिचकीबरोबर."

"आणि हवेची फुटकी नळी दाबून धरली तर?"

"फुसफुस थांबते." त्यांनी सळई बाजूला टाकली. "अगं, ही तर गळती!"

"भूत तालात घोरतं," महाराज म्हणाले आणि त्यांनी पुन्हा छडी उगारली. तेवढ्यात बहिणीच्या तोंडातून रक्ताची गुळणी उसळली. अप्पांनी महाराजांच्या जबड्यावर असा ठोसा हाणला, की दोन दात घमेल्यात पडले. दुरुस्तीला आलेल्या गाडीत घालूनच आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. यकृतात एक धमनी जन्मापासून भलत्याच शिरेला जोडलेली, दुर्मीळ दोष. धमनीचा जोर शिरेत घुसायचा, त्याचीच घरघर. तुंबलेल्या रक्तानं अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आणि फुटल्या. बाईंनी त्या रबरी कड्यांनी बांधल्या. मग मांडीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन, तारेची वेटोळी बसवून ती चुकीची वाट बुजवली.

आवाज आला की आधी तो कशाचा ते शोधा. आणि रक्त ओकणाऱ्याला तडक हॉस्पिटलात न्या; मंत्रासाठी कुणी वाट अडवली तर त्याला ढकलून न्या.

यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब: आधी पाऱ्याचे एकतीस मिलिमीटर, नंतर बारा. घरघर बंद.