अस्मानी लुगडं

नरहररावांना पाढ्यांचा वीट आला तो मदरशामुळे नव्हे, कॅमेऱ्यामुळे.

बीदरच्या सरकारी मदरशात ते गणित शिकवत. सरकार निजामाचं, शिकवायची भाषा उर्दू, पोरं कानडी आणि मास्तर मराठी. त्यामुळे कुणाला काही आलं नाही तर दोष कुणाचा, हे ठरेपर्यंत साल संपे. कॅमेरा त्यांनी सिकंदराबादेहून आणला होता, विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून. त्याच्या बदल्यात घरातली कुठली चांदीची वस्तू गेली, हे जानकीबाई रोज बोलून दाखवत नसत. एक दिवसाआड दाखवत.

कॅमेरा म्हणजे सागवानी पेटी, पुढं पितळी भिंग, मध्ये लोहाराच्या भात्यासारखी चामड्याची घडी, खाली तीन पायांची घोडी. आत काचेची प्लेट घालायची, भिंगावरचं झाकण काढायचं, मोजायचं आणि झाकण परत लावायचं. डोक्यावर काळं फडकं घेतलेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही. म्हणून नरहरराव पाचाचा पाढा म्हणत. कडक उन्हात पाच एके पाच, सावलीत पाच चोक वीस, आभाळ आलं तर पाच दाही पन्नास. हिशेब चोख होता. पण समोर बसणारा निम्मा गाव त्यांच्याच हाताखालून गेलेला. मास्तरांनी 'पाच एके' म्हटलं की समोरचा मोठ्यानं 'पाच' म्हणे, आणि फोटोत ओठांच्या जागी धूर येई. असे बिनतोंडाचे अकरा सभ्य गृहस्थ जमल्यावर नरहररावांनी मनात म्हणायला सुरुवात केली.

उन्हाळ्याची वेगळीच तऱ्हा. प्लेट धुताना पाणी कोमट असलं की तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून येई, आणि कुणाचा तरी काका घंगाळात तरंगत जाई. मग जानकीबाईंच्या सुरईतलं गार पाणी प्लेटांना, आणि नळाचं कोमट जानकीबाईंना.

आणि रंगांचा घोटाळा होता तो होताच. साहेबानं पेटी देताना बजावलं होतं, की ही काच तांबड्याला आंधळी आहे. तांबडं, पिवळं, केशरी हे तिला दिसतच नाही, ते काळं उमटतं. उलट निळं तिला इतकं दिसतं, की पांढरंफेक होऊन जातं. तिच्यासमोर तांबडा कंदील लावून कामं उरकता येतात ती त्यामुळेच. नरहररावांच्या उदगीरच्या मावसभावानं बीदरच्या माळाचा फोटो पाहून लिहिलं होतं, "तुमच्याकडची जमीन एवढी काळीभोर असेल असं वाटलं नव्हतं. विकाऊ असल्यास कळवणे." बीदरची माती तर कुंकवासारखी लाल. नरहररावांनी उत्तर पाठवलं नाही. एखाद्याला आपल्या जमिनीबद्दल बरं वाटत असेल तर मास्तरानं मध्ये का पडावं?

निजामी तेराशे सत्तेचाळीस फसलीत, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीस साली, माघ महिन्यात, बीदरजवळच्या मैलूर गावचे उद्धवराव त्यांच्या दारात उभे राहिले.

उद्धवरावांचं वय अठ्ठावन्न, शेती साठ एकर, आणि आवाज असा की मैलुरात बायकोवर ओरडले तर शेजारच्या नौबादेत बैल थांबत. ओरडत ते रोजच. भाकरी जाड झाली म्हणून, पातळ झाली म्हणून, आणि नेमकी झाली तर कालची का नव्हती म्हणून. कोठीची किल्ली त्यांच्या करदोट्याला. नागूबाईंना शेरभर ज्वारी काढायची झाली तरी धन्याला उठवून उभं करावं लागे, तेही तीस वर्षं.

"मास्तर, आमच्या व्याह्यानं भिंतीला फोटू लावलाय," उद्धवराव म्हणाले. "जोड्यानं. आमचा त्याच्याहून थोर निघाला पायजे."

"आकारानं?"

"समद्यानंच."

ठरल्या दिवशी नरहरराव पेटी घेऊन मैलूरला गेले. ओसरीवर दोन खुर्च्या. उद्धवरावांनी केशरी फेटा बांधलेला, त्याचा तुरा वीतभर वर. नागूबाई खास दिवसासाठी आणलेलं अस्मानी लुगडं नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून, पायरीवर अंग चोरून बसल्यागत खुर्चीवर बसल्या.

"तुरा समदा यायला पायजे बरं का," उद्धवरावांनी दम दिला. "तुरा तुटला तर फोटू घेणार न्हाई."

पेटीच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. उद्धवराव डोक्यावर उभे, तुरा जमिनीकडे. त्या तुऱ्याला काचेत बसवता बसवता नरहररावांना घाम फुटला, आणि अस्मानी रंग समोर ढळढळीत बसलेला असूनही काही सुचलं नाही. पाच चोक वीस, मनात. झाकण लावलं. कुणी हललं नाही, कुणी पाढा म्हटला नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हात कागद छापून निघाला तेव्हा नरहररावांना भरून आलं. मिशीचा केस न् केस, तुऱ्याची घडी न् घडी! इतका स्वच्छ फोटो त्यांच्या हातून आजवर निघाला नव्हता. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान वाटू लागला, की ती त्याला दिसायची बंद होते. ते तसेच मैलूरला गेले. बैलजोडीचाही फोटो द्यायचा कबूल केला होता, म्हणून पेटी बरोबर घेतली.

उद्धवरावांनी फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. नौबादेच्या बैलांना चुकल्यासारखं झालं असेल.

"मास्तर, ही कोण?"

"वहिनी."

"हिच्या अंगावर काय हाय?"

नरहररावांनी पाहिलं. आणि तेव्हा त्यांना दिसलं. पांढरंशुभ्र लुगडं. कपाळावर कुंकवाच्या जागी काळा ठिपका, देवळातून बुक्का लावून आल्यासारखा. तिकडच्या घरांत पांढरं लुगडं आणि काळा बुक्का कोण वापरतं, हे सांगायला मास्तर लागत नव्हता. आणि शेजारच्या खुर्चीवर, काळा फेटा बांधून, खुद्द नवरा तुऱ्यासकट बसलेला.

"मी जित्ताजागता बाजूला बसलोय," उद्धवराव सावकाश म्हणाले, "आन् ही माझ्या माघारी बसलीया."

"अहो, तो रंगाचा खेळ आहे! अस्मानी पांढरं उमटतं. तांबडं काळं उमटतं. काच तांबड्याला आंधळी..."

"आंधळी? उद्या म्हणशाल म्हस पांढरी दिसती. ही पेटी आंधळी न्हाई मास्तर, ही पुढचं बघायलीय!"

"पेटी फक्त समोरचं..."

"बास!" त्यांनी घोडीसकट पेटी उचलली, कोठीत नेली, बाहेरून कुलूप घातलं. "लोकाच्या मरणावर ठेवलेला हा डोळा. मी हाय तवर ही भाईर निघायची न्हाई. मी गेलो की घिऊन जावा."

नरहरराव रिकाम्या हातांनी घरी आले. जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वय किती म्हणालात त्यांचं?"

"अठ्ठावन्न."

"प्रकृती?"

"धडधाकट."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी सुरईतलं गार पाणी स्वतः प्यायल्या.

नरहररावांना चैन पडेना. निळ्या आभाळात ढग दिसला की बोटं मनातल्या मनात झाकण काढायची. आठ दिवसांत ते तीनदा मैलूरला जाऊन आले. दारावरून जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारत, "कसं काय, तब्येत?" उद्धवराव तिसऱ्यांदा ते ऐकून आत वळले आणि म्हणाले, "बघ गं, मास्तर रोज येऊन इचारायलाय. त्याला कायतरी कळलंय." त्या दिवसापासून त्यांनी तेलकट सोडलं.

पंधरवड्यानं नरहररावांनी शेवटचा उपाय योजला. बीदरच्या काळ्याभोर दिसणाऱ्या माळाचा फोटो आणि त्याच माळावरची लाल माती पुडीत बांधून घेतली. पुरावा म्हणजे पुरावा. उद्धवराव घरी नव्हते. ओसरीवर नागूबाई ज्वारी पाखडत होत्या, आणि त्यांच्या कमरेला कोठीची किल्ली होती.

"या मास्तर. ते पापनाशच्या देवळात गेलेत. रोज जायलेत आताशा."

"वहिनी, मी पुरावा आणलाय. हा फोटो बघा, ही माती बघा..."

"बघायचं काय त्यात? तुम्ही त्या दिशी सांगितल्यालं मला तवाच पटलं." नागूबाईंनी सूप खाली ठेवलं. "त्यांचा केशरी फेटा काळा झालाय की फोटूत. माझं लुगडं बदललं तर फेटा बी बदलला. मरण माझ्या लुगड्यालाच कशाला धरंल?"

नरहररावांना वाटलं, तीस वर्षं आपण चुकीच्या पोरांना गणित शिकवलं.

"मग त्यांना सांगितलंत का नाही?"

"कामून सांगू?" नागूबाई शांतपणे म्हणाल्या. "फोटू आल्यापास्नं माणूस वरडला न्हाई. परवा भाकर करपली, तर म्हणाले, 'खरपूस झालीया.' किल्ली सोताहून दिली. म्हणाले, 'माझ्या माघारी तुलाच बघायचं हाय, आत्तापास्नं सवय कर.' तीस वरसात पहिल्यांदा मी इचारल्याबिगर ज्वारी काढायलेय, मास्तर. आन् तुम्ही माती घिऊन आलाव."

नरहररावांनी पुडी मागे लपवली.

"पण माझी पेटी..."

"पेटी आत हाय, किल्ली हितं हाय." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "पेटी तुम्हाला मिळंल. माझं म्हणणं येवढंच, की रंगाचं शास्तर तुम्ही ह्या गावात परत काढायचं न्हाई."

"म्हणजे मी खोटं बोलायचं?"

"खोटं कशाला? गप बसायचं. मास्तर लोकाला जमत न्हाई ते, ठावं हाय मला. पर पेटी पायजे न्हवं?"

विद्यार्थ्याला चुकीचं उत्तर घेऊन घरी जाऊ देणं हे नरहररावांच्या लेखी पाप होतं. मग त्यांना मावसभावाच्या पत्राची आठवण झाली, आणि आपण या पापाला अगदीच नवखे नाही हे लक्षात आलं.

चार दिवसांनी नागूबाईंनी नवऱ्याच्या गळी उतरवलं, की ज्या पेटीनं दाखवलं तिलाच परत विचारावं. एवढा देवधर्म झाला, त्यात काही फरक पडला का बघावं. पेटी कोठीतून निघाली. तिला ज्वारीचा वास येत होता, भात्यात दोन किडे होते, बाकी सुखरूप. या खेपेला नागूबाई तांबडंलाल लुगडं नेसून बसल्या. उद्धवराव इतके निश्चल बसले की नरहररावांनी पाच चोकऐवजी पाच साती केलं असतं तरी चाललं असतं. तुऱ्याचं कुणी नाव काढलं नाही. फोटो छापून येईपर्यंत पेटी मात्र नागूबाईंनी ठेवून घेतली.

फोटो घेऊन नरहरराव गेले तेव्हा उद्धवरावांनी आधी डोळे मिटले, मग एक उघडला.

लुगडं काळंभोर उमटलं होतं.

"चंद्रकळा!" ते ओरडले. तीन आठवड्यांतला पहिला ओरडा. "बघ गं, चंद्रकळा नेसलीयास! सवाशिणीचं लुगडं! टळलं! न्हाई तर त्या दिशीच्या भाकरीला..." आवाज चढायला लागला होता. नागूबाईंनी न बोलता फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं.

काळा ठिपका जिथल्या तिथं होता.

उद्धवराव मध्येच थांबले. "मास्तर... हे?"

नरहररावांच्या तोंडात वाक्य तयार होतं. कुंकू तांबडं, तांबडं काळं उमटतं, साताजन्मीच्या सवाशिणीचंही उमटेल. त्यांनी तोंड उघडलं. समोर नागूबाई पेटी मांडीवर घेऊन, तिच्यावरची ज्वारीची धूळ पदरानं पुसत होत्या. पुसताना त्यांचा हात भिंगापाशी थांबला. नरहररावांनी तोंड मिटलं.

"अर्धं टळलं," नागूबाई म्हणाल्या. "ऱ्हायल्यालं अर्धं वागण्यावर."

"मास्तर, व्हय?"

मास्तरांनी पाचाचा पाढा मनात म्हटला, पार पन्नासपर्यंत. मग म्हणाले, "वहिनींच्या बोलण्यात तथ्य आहे."

"भाकरीचं काय म्हणत व्हता?" नागूबाईंनी विचारलं.

"झ्याक झाली व्हती," उद्धवराव म्हणाले.

पेटी घरी आली. नरहररावांनी ती पुसली, किडे काढले, भिंगाला मलमल लावली, आणि आपण गप्प बसलो ते कुणाचंही नुकसान न करता, अशी मनाची समजूत घातली. ती पुढच्या बाजारापर्यंत टिकली.

बाजाराच्या दिवशी नौबादेची लिंगम्मा आली, मागे नवरा. "फोटू काढा मास्तर, जोड्यानं." लुगडं अस्मानी. तिच्या मागोमाग मैलूरच्या दोघीजणी, आपापले धनी घेऊन. दोघींचंही अस्मानी. चौबाऱ्याच्या चौकातल्या अमृतप्पा कापडवाल्यानं नरहररावांना वाटेत थांबवून विचारलं, "मास्तर, ह्या बायकांना झालंय काय? ठेवणीतला अस्मानी माल संपला, आन् तांबड्याला कुणी इचारंना." नरहरराव म्हणाले, आपण गणिताचे मास्तर, कापडातलं काय कळणार. लिंगम्माचा नवरा तर फोटो निघायच्या आधीच तिची पिशवी धरून उभा होता. कुणकुण लागली असावी.

रविवारी दुपारी परसात ऊन चांगलं होतं. नरहरराव पेटी झटकत होते. जानकीबाई बाहेर आल्या, तुळशीशेजारी खुर्ची ओढली आणि बसल्या. नवं लुगडं होतं.

"एवढ्या लोकांचे काढता," त्या म्हणाल्या, "माझा एक काढा की."

नरहररावांनी लुगड्याकडे पाहिलं. अमृतप्पाचा माल संपला नव्हता तर.

"तुम्हाला सगळं शास्त्र माहीत आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "मलाही आहे. हा नुसता रंगाचा खेळ आहे."

"मग काढा की. भ्यायचं काय त्यात? का अस्मानी मला शोभत नाही?"

नरहररावांनी फडकं डोक्यावर घेतलं. उलट्या काचेवर उलट्या जानकीबाई, मांडीवर हात ठेवून, स्वस्थ. शास्त्र त्यांना पाठ होतं. झाकण काढलं आणि मनात सुरू केलं: पाच एके पाच, पाच दुणे दहा, पाच त्रिक...

पाच त्रिक काही केल्या आठवेना.

"पंधरा," जानकीबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

फोटो उत्तम निघाला. तो धुतला मात्र नरहररावांनी विहिरीचं पाणी स्वतः शेंदून आणून. सुरईला हात लावला नाही.