काळोजीचा कडेलोट

बाळचं म्हणणं सरळ होतं. काळोजीचा कडेलोट करायचा आणि तो आत्ताच करायचा, कारण कड्याखालची माती अजून ओली होती आणि वरून पडलेला काळोजी तिच्यात गळ्यापर्यंत रुतला असता. उद्या माती वाळली की ती मजा राहणार नव्हती.

"आधी त्याला बोलू तरी दे," शुभदा म्हणाली.

"तो पत्र्याचा आहे. पत्र्याचा काय बोलणार?"

मी दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर बसून हे ऐकत होतो. त्रेपन्न सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि टेंभी नाक्याजवळच्या आमच्या आळीत पोरांनी किल्ला बांधायला घेतला होता. दरवर्षी रायगड नाहीतर सिंहगड व्हायचा. यंदा मेघगड होता, आणि त्याला मी जबाबदार होतो. नगरपालिकेच्या शाळेतून मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वर्ग सुटला तरी पोरं सुटली नव्हती, त्यामुळे घटस्थापनेपासून रोज संध्याकाळी याच ओट्यावर मी त्यांना एक गोष्ट रचून सांगत होतो.

मेघगड हा ढगांवर तरंगणारा किल्ला. त्याच्या बुरुजावर एक दिवा. तो तेवत असेपर्यंत अंधारातल्या राक्षसांना गड सापडायचा नाही. दिवा सांभाळायचं काम काळोजी दिवटीवाल्याकडे. एका रात्री या काळोजीने आपल्या हाताने दिवा विझवला, राक्षस आत शिरले, राजा पडला आणि सात वर्षांची राजकन्या एका करकोच्याच्या पाठीवर बसून निसटली. पुढे पाखरांची फौज घेऊन तिने गड परत जिंकला आणि काळोजीला बांधून तिच्यापुढे उभं केलं. आदल्या संध्याकाळी मी तिथवर आलो होतो. शेवट माझ्या मनात ठरलेला होता आणि तो बाळच्या मनासारखाच होता.

कुंभारवाड्यात मावळे मिळतात, वाघ मिळतो, गवळणही मिळते, पण काळोजी मिळत नाही. म्हणून पोरांनी तो कुठून तरी करून आणला होता. मी हातात घेऊन पाहिला. चार बोटं उंचीचा पत्र्याचा माणूस, मान किंचित खाली घातलेली, हातात जुन्या बर्नरच्या टोपीचा केलेला कंदील आणि त्यात खरीखुरी वात. जोड शोधायला मला चष्मा पुसावा लागला, इतका डाख बारीक होता. असा डाख अख्ख्या ठाण्यात एकच माणूस देत होता.

"हा कुणी केला?"

सगळे जमिनीकडे पाहायला लागले. शेवटी शुभदानेच सांगितलं, विश्रामकाकांनी.

"त्याच्याकडे कशाला गेला होतात?"

"स्टोव्ह घेऊन गेलेलो," बाळ म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

विश्राम नाक्यावर एका फळीच्या दुकानात स्टोव्ह दुरुस्त करायचा आणि आमच्या आळीने सहा वर्षं त्याला वाळीत टाकलं होतं. सत्तेचाळीस सालापर्यंत आळीचा गणपतीचा मेळा होता. पदं मी लिहायचो, अण्णा मेळ्याचे व्यवस्थापक, विश्राम ढोलकीला. मेळ्याची पदं पहिल्या रात्रीपर्यंत कुणाला कळू द्यायची नाहीत, हा नियम देवाच्या सोवळ्याइतका कडक. स्वातंत्र्यानंतरचा पहिलाच गणपती म्हणून त्या वर्षी आम्ही दोन महिने दारं लावून तालीम केली. आणि पहिल्या रात्री पलीकडच्या आळीचा मेळा आमच्या आधी उभा राहिला आणि त्याने आमची पदं आमच्याच चालीत म्हटली. आम्ही नवे फेटे बांधून मुक्यासारखे बघत राहिलो. पदांची वही विश्रामकडे होती. त्याने ती दिली हे त्याने नाकारलं नाही, कारणही सांगितलं नाही. मेळा त्या रात्री संपला तो पुन्हा उभा राहिला नाही.

अण्णांनी जाहीर केलं की आळीतल्या कुणी विश्रामशी बोलायचं नाही आणि त्याचा हात लागलेल्या वस्तूला शिवायचं नाही. पुरुषांनी ते पाळलं. बायकांनी एक दिवसही पाळलं नाही, कारण विश्रामने पिन मारलेला स्टोव्ह निळा जळतो आणि दुसऱ्या कुणी मारलेला भपकतो. आळीतले स्टोव्ह पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, पोरांच्या हाती मागच्या बोळातून नाक्यावर जात. अण्णा रोज सकाळी गॅलरीत बसून फितुराला शिव्या देत आणि ज्या स्टोव्हवरचा चहा पीत, त्याचा वॉशर विश्रामने बसवलेला असे. हे अण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरातही काही वेगळं चालत नव्हतं, ते मला त्या संध्याकाळी बाळच्या जीभ चावण्यावरून कळलं.

"तुम्ही त्याला गोष्ट सांगता?" मी विचारलं.

शुभदाने सांगितलं की रोज सांगतो. स्टोव्ह नसला तरी जातो. काका काम करता करता ऐकतात. काळोजीने दिवा विझवला हे ऐकल्यापासून एकच विचारतात, त्याचं पुढे काय झालं. काल तर पंप मारता मारता हात तसाच राहिला आणि गिऱ्हाईक ओरडलं.

मी काळोजीला बुरुजाजवळ आडवा ठेवला. मी गोष्ट रचत होतो तेव्हा विश्राम माझ्या मनात नव्हता, असं मी म्हणू शकलो असतो. पण मग त्या दिवटीवाल्याला मी ढोलकीवाल्याची तुटकी करंगळी दिली नसती.

"गुरुजी," शुभदा म्हणाली, "त्याने दिवा का विझवला?"

"फितूर होता म्हणून."

"हे उत्तर नाही झालं. तो फितूर कशामुळे झाला ते विचारतेय. वर्गात आम्ही असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही परत बसवलं असतं."

अकरा वर्षांच्या मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं की शिक्षकाला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी म्हणालो की ते गोष्टीत नाही. ती म्हणाली, मग काळोजी ज्यांनी केला त्यांना विचारून येते. मी हो की नाही म्हणायच्या आत पाचसहा जणांची फौज बोळातून पळालीसुद्धा.

दहा मिनिटांत ते धापा टाकत परत आले. एरवी पुढे पुढे करणारा बाळ मागे राहिला होता.

"काका म्हणाले," शुभदा सांगू लागली, "काळोजीने दिव्याच्या काचेवर एक चांदणी काढलेली. त्याला चित्रं काढता येत नव्हती, पण त्याला वाटलं, आपला दिवा, आपली एक चांदणी असावी. तर राजा भर दरबारात हसला आणि त्याने ती बाहीने पुसून टाकली. सगळा दरबार हसला."

"मग?"

"मग काही नाही. काका म्हणाले, तरीपण दिवा विझवायला नको होता. चांदणी पुसली म्हणून कुणी गडाला अंधारात टाकतं का? कडेलोट करा म्हणाले."

"तो स्वतःच करा म्हणतो तर त्यात काय मजा," बाळ पुटपुटला.

मी पोरांना उद्या या म्हणून सांगितलं आणि घरी गेलो. मेळ्याची हकिगत मी सहा वर्षांत शंभर जणांना तरी सांगितली असेल. त्यातली एक गोष्ट मी दरवेळी गाळत आलो होतो. तालमीच्या दिवसांत विश्रामने भीत भीत एक कडवं करून आणलं होतं आणि वहीत शेवटी लिहिलं होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ठसठशीत अक्षर होतं.

देवा गणराया तुझी
सोंड धुराने चोंदली
येतो पिन घेऊन मी
ज्योत करतो मोकळी

मी ते वीस जणांपुढे मोठ्याने वाचलं, सोंडेत पिन घालण्याचा अभिनयही केला आणि सगळे पोट धरून हसल्यावर लाल पेन्सिलीने त्यावर काट मारली. वर्गातल्या कुठल्या मुलाला मी असं कधी वागवलं नव्हतं. पलीकडच्या मेळ्याने ते कडवं म्हटलं तेव्हा लोकांनी वन्समोअर दिला होता. माझ्या पदांना दिला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी मी पोरांना सांगितलं की राजकन्या लहान आहे, तिला न्याय सुचत नाही, तो तुम्ही करायचा. मग ओट्यावर जे भांडण झालं तसं ठाण्याच्या कोर्टात कधी झालं नसेल. बाळच्या बाजूला चौघं होते. राजा मेला, त्याचं काय, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ते खोटं नव्हतं. शुभदा म्हणत होती की काळोजीला ढकललं तर दिवा कोण लावणार, बाकी कुणाला लावता येत नाही. शेवटी बाळनेच तोड काढली. कडेलोट होणार म्हणजे होणार, पण कड्याखाली गवताची गंजी ठेवायची. पडताना त्याला पुरेशी भीती वाटेल. वाचला की मुकाट्याने वर जाऊन रोज दिवा लावायचा, सगळ्यांसमोर. हा निकाल एकमताने पास झाला.

सकाळी मी घरचा स्टोव्ह उचलला. आमच्या हिने पिशवी आणि कोथिंबीर पुढे केली. मी ती ठेवून दिली आणि स्टोव्ह तसाच उघडा हातात धरून आळीच्या पुढच्या तोंडाने नाक्यावर गेलो.

विश्रामने मला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. केस पिकले होते. "गुरुजी, तुम्ही कशाला आलात? पोराला धाडायचंत."

"भपकतोय," मी म्हणालो.

त्याने पंप दोनदा ओढला, वॉशर गेलाय म्हणाला आणि खाली बसून खोलायला लागला. मी फळीवर बसलो.

"विश्राम, ते कडवं चांगलं होतं. मी हसायला नको होतं."

तो बर्नर पुसत राहिला. पुसता पुसता म्हणाला, "वही मी दिलेली."

"माहीत आहे."

"तसं नाही गुरुजी. कुणी मागितली नव्हती. मी आपण होऊन त्यांच्या दारात गेलेलो. माझं एवढं कडवं म्हणा, एवढंच सांगितलं. बाकीची पण म्हणतील हे ठाऊक होतं मला. हे कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं."

मग मी त्याला पोरांचा निकाल सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता. गवताच्या गंजीपाशी त्याचा हात थांबला.

"गंजी बाळने घातली?" त्याने विचारलं आणि हसायला लागला. सहा वर्षांपूर्वी हसायचा तसाच, खांदे हलवत.

मी सांगितलं की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ये, ती वात कापायला आमच्यात कुणाला जमत नाही. तो यायचं बोलला नाही. स्टोव्ह मात्र निळा जळायला लागला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किल्ल्यावर हळीव हिरवागार उगवला होता. आळी सगळी जमली होती. विश्राम धुतलेला सदरा घालून आला आणि आळीच्या तोंडाशी, गटाराच्या पलीकडे उभा राहिला. शुभदा गेली आणि त्याचं बोट धरून घेऊन आली. गॅलरीत अण्णांनी हातातला कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने आतल्या सूनबाईंना त्यांनी आणखी अर्धा कप मागितला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

बाळने राजकन्येच्या वतीने गुन्हा वाचला. मग काळोजीला दोन बोटांत धरून कड्यावरून सोडलं. तो गवतात पडला, सगळ्यांनी वाकून पाहिलं. कंदील शाबूत होता.

बाळने त्याला उचलून विश्रामच्या हातात दिलं. विश्रामने खिशातून कात्री काढून वात नीट केली, काळोजीला बुरुजावर उभा केला आणि काडी ओढली. ज्योत गव्हाच्या दाण्याएवढी होती.

तेवढ्यात तलावाच्या बाजूने वारा आला. पणत्या एकेक करून फडफडायला लागल्या. पोरं फटाक्यांकडे पळाली, बायका फराळाच्या ताटांकडे वळल्या. मी विश्रामला म्हणालो की चल, वर ये, फराळ कर. तो म्हणाला येतो, तुम्ही व्हा पुढे.

मी वरून पाहिलं तेव्हा तो अजून किल्ल्यापाशी उकिडवा बसला होता, आणि त्याने आपला रुंद, घट्टे पडलेला तळवा त्या ज्योतीच्या आडोशाला धरला होता.